आधी कारण तपासा



तुम्ही धम्मदीक्षा घेतली, घरातले जुने देव उतरवले. पंधरा दिवसांत लेकराला ताप भरला. शेजारची आजी म्हणते, "देव काढले, म्हणून कोपले." आईच्या काळजाचे पाणी होते. अशा वेळी गंडादोरा नव्हे, तर्क कामी येतो.

आजीच्या बोलण्यात तीन विधाने आहेत. देव सोडणाऱ्याच्या घरी आजार येतो. तुम्ही देव सोडले. म्हणून तुमच्या घरी आजार आला. पहिली दोन आधारविधाने, तिसरा निष्कर्ष. पहिली दोन मानली की तिसरे मानावेच लागते. तर्कशास्त्र अशा युक्तिवादाला वैध म्हणते. पण वैध म्हणजे खरे नव्हे. पाया कच्चा असेल तर सरळ बांधलेली भिंतही कोसळते.

पाया कसा तपासावा? बौद्ध आचार्य दिङ्नागांनी हेतूच्या तीन कसोट्या सांगितल्या. डोंगरावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे, असे म्हणायचे तर पाहा : डोंगरावर धूरच आहे ना, धुके तर नव्हे? चुलीसारख्या अग्नीच्या जागी धूर आढळतो काय? आणि तळ्यासारख्या अग्नी नसलेल्या जागी धूर कधीच नसतो ना?

आता आजीचा हेतू कसाला लावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी दीक्षा घेतली. त्यानंतर किती घरांनी देव सोडले! त्या साऱ्या घरांत ताप शिरला काय? नाही. देव सोडले तरी आजार नाही, अशी घरे तुमच्याच वस्तीत आहेत. तिसऱ्या कसोटीवर हेतू पडला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, इतकेच.

पण हीच कसोटी स्वतःलाही लावा. "दीक्षा घेतली आणि पोराला नोकरी लागली," असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही आजीचीच चूक करतो. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून, इतकेच नव्हे तर नुसत्या तर्काला पटते म्हणूनही काही स्वीकारू नका. हिताचे काय आणि अहिताचे काय, हे स्वतः जाणून घ्या.

तेव्हा आजीवर रागावू नका. तिला प्रेमाने विचारा, "आजी, देव असलेल्या घरी लेकरे आजारी पडत नाहीत काय?" आणि तिच्या उत्तराची वाट न पाहता लेकराला दवाखान्यात न्या, रक्त तपासा, कूलरमध्ये साचलेले पाणी ओता. कारण सापडले की भीती जाते.

नमो बुद्धाय! जयभीम!