डाव सुटला

डाव बरोबरीत ‘सुटला’ असे आपण म्हणतो. मराठीत कोडे सुटते, गाठ सुटते आणि पुराव्याअभावी चोरही सुटतो. पटावर यांतले नेमके काय घडले, ते अर्ध्या गुणावरून कळत नाही.

अलिबागेतल्या एखाद्या गणेशोत्सवातली स्पर्धा डोळ्यांपुढे आणा. शेवटची फेरी, बक्षिसे दोनच. पुढे असलेल्या दोघांची गाठ आपसातच पडलेली. तिसरा एका गुणाने मागे. पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे टाकतो, काळा एकच घर. हा फ्रेंच बचाव. मग दोघांची वजिरापुढची प्यादी समोरासमोर येतात, पांढरा मारतो, काळा परत मारतो, आणि पट आरशासारखा सारखा होतो. मोकळ्या पट्टीवर हत्तीला हत्ती, वजिराला वजीर; पंधराव्या खेळीला हस्तांदोलन! दोघांची बक्षिसे पक्की. तिसरा बिचारा पलीकडे घाम गाळून जिंकतो आणि रिकाम्या हाताने रेवदंड्याची एस. टी. पकडतो.

सुरुवातीला दोष देऊ नये. 1834 साली सुरू झालेल्या लंडन-पॅरिस पत्रडावात हीच अदलाबदल झाली होती आणि काळ्या सोंगट्यांनी पॅरिस जिंकले. बचावाला ‘फ्रेंच’ हे नाव त्यावरूनच पडले. म्हणजे आरसा फोडता येतो. फोडण्याची इच्छा हवी.

नियम म्हणतो, दोघे राजी असले की झाले. पण स्पर्धेत उतरताना प्रत्येकाने खेळण्याचा शब्द दिलेला असतो, आणि तो केवळ समोरच्याला नव्हे. थकून, वाट खुंटून केलेली बरोबरी मला प्रामाणिक वाटते, मग ती कितीही लवकर होवो. पट मांडण्यापूर्वीच ठरलेली बरोबरी मात्र तिसऱ्याच्या खिशातून घेतलेली असते.

1962 साली कुरासावच्या आव्हानवीर स्पर्धेत पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर यांचे आपसातले बाराही डाव बरोबरीत सुटले. फिशरने संगनमताचा जाहीर आरोप केला. पुढे जागतिक संघटनेने आव्हानवीरांसाठी बाद फेरीचे सामने आणले. उलट 2025 च्या जुलैत बाटुमीला नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. तिथे लुबाडायला तिसरा कोणी नव्हताच. जलद डावांत दिव्या जिंकली.

काही संयोजक आता अमुक खेळ्यांच्या आत बरोबरी नको, असा नियम करतात. ठीक आहे, पण दोन स्नेह्यांना तीस खेळ्या लढाईचे सोंग आणणे काय जड आहे? एवढ्यात चहाही येतो.