लॅटिनचे प्राध्यापक आणि गुलामांची गाणी



नाताळात आपला गायनवृंद 'गो टेल इट ऑन द माउंटन' हे गीत गातो. ते कोणी रचले, कोणालाच ठाऊक नाही. अमेरिकेत मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्या ओठांवर ते जन्मले. ते जगापुढे आणण्याचे श्रेय जॉन वेस्ली वर्क यांना दिले जाते. ते होते लॅटिनचे प्राध्यापक!

गुलामगिरी संपल्यावर लगेच, १८६६ साली, नॅशविल येथे मुक्त झालेल्यांसाठी फिस्क विद्यापीठ सुरू झाले. पैशांअभावी ते बंद पडण्याची वेळ आली तेव्हा १८७१ मध्ये विद्यार्थ्यांचे एक गायनपथक गावोगावी गात निघाले. त्या गाण्यांनीच विद्यापीठ वाचवले. वर्क तिथेच शिकले आणि १९०४ पासून तिथे लॅटिन व इतिहास शिकवू लागले. वर्गात लॅटिन, वर्गाबाहेर गायनपथकाची तालीम. भाऊ फ्रेडरिकसोबत त्यांनी जुन्या लोकांच्या तोंडची गाणी जमवून १९०१ व १९०७ मध्ये छापली. १९०९ साली त्यांच्या चौघांच्या संचाने ती तबकड्यांवरही गायली.

हे सर्वांना रुचले असे नाही. शिकलेल्या कित्येकांना ही गाणी नकोशी वाटत. त्यांत बेड्यांची आठवण होती. त्यांचे दुःख आपण समजू शकतो. घरच्या बोलीत चारचौघांत बोलायला आपली मुलेही लाजतात. पण त्या गाण्यांत काय होते ते पाहा. मालक गुलामांना पवित्र शास्त्रातून 'धन्याच्या आज्ञेत राहा' एवढेच ऐकवीत. गुलामांनी मात्र त्याच शास्त्रातून मोशे उचलला, सिंहांच्या गुहेतला दानिएल उचलला. सेमिनरीत आम्ही स्वातंत्र्यावर जाडजूड ग्रंथ वाचले. पण निर्गमाचा अर्थ या निरक्षर माणसांइतका नेमका फार थोड्या पंडितांना लागला असेल. वर्क यांना लॅटिन आणि हे गाणे यांपैकी एक टाकून द्यावेसे कधी वाटले नाही. देव दोन्ही भाषा ऐकतो.

त्याची किंमत त्यांनी मोजली. लोकगीतांविषयीच्या नाराजीमुळे १९२३ साली त्यांना फिस्क सोडावे लागले. पुढे नॅशविलच्याच रॉजर विल्यम्स विद्यापीठाचे ते अध्यक्ष झाले आणि १९२५ मध्ये देवाघरी गेले. त्यांचे चिरंजीव, तेही जॉन वेस्ली वर्कच, नंतर फिस्कमध्ये शिकवू लागले आणि त्याच गायनपथकाचे संचालक झाले.