चाळ सोडल्यावर

पिंपळगाव रेणुकाईत मिरचीचा बाजार भरात असला की ढिगाभोवती बाया मिरची निवडत बसलेल्या दिसतात. पिकलेली, मोडलेली, किडकी मिरची बाजूला पडत जाते. बोटं इतकी सरावलेली की गप्पा चालू असतात आणि हात चुकत नाही. आपल्या मराठीत धान्य निवडतात, भाजी निवडतात आणि माणसंही निवडतात. पण धान्य निवडताना बाहेर जातो तो खडा. नाचाच्या निवडीतून मागं राहिलेल्या पोरीला कुणी काही बोललं नाही तरी आपण खडा आहोत असं का वाटतं, याचं एक उत्तर या शब्दातच असावं.

सध्या निवडीचेच दिवस आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या केंद्रीय युवक महोत्सवासाठी छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चारही जिल्ह्यांतली महाविद्यालयं आपापले संघ ठरवतात. लावणी, लोकनृत्य, शास्त्रीय नृत्य. तिथून पुढं राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य' महोत्सव असतो. शाळांची स्नेहसंमेलनं हिवाळ्यात, आणि टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धांच्या ऑडिशन अधूनमधून चालूच. पिंपळगावची पोरगी सकाळच्या एसटीनं भोकरदनला जाते. पिशवीत घुंगरं, भाकरीचा डबा, आणि तो डबा बहुतेक वेळा तसाच परत येतो. घरात पाऊल टाकायच्या आत प्रश्न येतो, "झालं का सिलेक्शन?"

हा विषय माझ्यासाठी लांबचा नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेत स्नेहसंमेलनाचे नाच निवडायला मला बसवलं होतं. सातवी-आठवीतली एक मुलगी लावणीवर नाचली. ताल पक्का होता, डोळ्यांत चमक होती. गटात जागा उरली नव्हती, एवढंच खरं कारण. ते सांगायचं सोडून मी भरल्या वर्गात बोलून गेलो, "कंबर जड आहे हिची." पोरं हसली. तिनं पायातली घुंगरं सोडली आणि ती खाली बसली. त्यानंतर शाळेच्या मंचावर ती मला कधी दिसली नाही. माझं एक वाक्य होतं, तिचं अख्खं नाचणं गेलं.

ज्या बायांचं पोटच निवडीवर चालतं त्यांचा विचार मला तेव्हापासून जास्त करावासा वाटतो. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला तमाशा पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे यात्रेचे पुढारी येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, फड पाहतात, घासाघीस करतात आणि सुपारी देतात. चौफुला, मोडनिंबच्या कला केंद्रांत तर ही निवड रोजची. संगीत बारीच्या पार्ट्या तयार होऊन बसतात. आलेला रसिक जिला पसंत करील तिची बैठक लागते.

तिथलं जगणं गोड करून सांगण्याचा माझा हेतू नाही. ते फार कठीण आहे. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटते. तिथं नाकारली जाते ती पार्टी. नाचणारी, गाणारी, ढोलकीवाला, पेटीवाला, सगळे एकत्र सजलेले असतात आणि बैठक लागली नाही तर एकत्रच उठतात. आमच्या पोरीच्या छातीवर मात्र टाचणीनं नंबर लावलेला असतो आणि त्या नंबराचं ओझं तिचं एकटीचं. संघात घेतलेल्या मैत्रिणी फोटो काढत असतात आणि ही एकटी एसटीच्या खिडकीशी बसून परत येते. या काळात तिच्या मनाला सगळ्यात जास्त जपते ती सोबत. बरोबर कुणी असावं: बहीण, शेजारीण, वर्गातली मैत्रीण. निकाल लागेपर्यंत नव्हे, निकाल लागल्यावर घरी पोचेपर्यंत.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. आपण ही गोष्ट जिद्दीचा धडा म्हणून सांगतो. नाचाच्या शिकवणीतही सांगतो, बघा, याला म्हणतात कलेवरची निष्ठा! मला आताशा हे बोलताना अडखळायला होतं. ती बाई पुन्हा का उभी राहिली? तिकीट काढून लोक बसलेले होते, खेळ मोडला तर फडातल्या सगळ्यांच्या चुली थंड होणार होत्या. आजही तमाशातला कलावंत हंगामाच्या आधी फडमालकाकडून उचल घेतो आणि मग महिनोन्‌महिने ती नाचून फेडतो. अंगात ताप असो, मन मेलेलं असो. उचल घेतलेल्या पायाला 'आज नको' म्हणता येत नाही. विठाबाईंच्या नावानं आज राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, पण त्यांचे स्वतःचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. 15 जानेवारी 2002 ला त्या गेल्या.

त्या गोष्टीचा शेवट आपण बहुतेक वेळा घाईत उरकतो. काय घडलं हे प्रेक्षकांना कळलं तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला, असं सांगतात. मला त्या गोष्टीतले मोठे लोक तेच वाटतात. पैसे मोजून आलेली, रात्रभर तमाशा बघायला बसलेली साधी शेतकरी माणसं. त्या बाईला थांबता येत नव्हतं म्हणून त्यांनी थांबवलं.

आपल्या घरातल्या नाचणाऱ्या मुलीला असं कोण थांबवतं? निवड जवळ आली की ती जेवण तोडते, कारण आरशासमोर कुणीतरी तिच्या पोटाकडं बोट दाखवलेलं असतं. दिवसाला चार-चार तास नाचायचं आणि एका भाकरीवर राहायचं, हे शरीर फार काळ सोसत नाही. पाळी पुढं जाते, मग बंद होते, हाडं कमजोर होतात, साधी मुरगळ भरून येत नाही. पाळी थांबली ही गोष्ट घरात बोलायची लाज वाटते म्हणून ती महिनोन्‌महिने दडवली जाते. आईनं हे विचारायला हवं, आणि तीन महिने पाळी आली नसेल तर डॉक्टरकडं न्यायला हवं. झोपेचंही तेच. रात्री एक-दीडपर्यंत दुसऱ्यांचे रील बघायचे, आपल्यापेक्षा कुणाची गिरकी सरस आहे ते मोजत राहायचं, आणि सकाळी जड डोळ्यांनी निवडीला उभं राहायचं. निवडीच्या आदल्या रात्री नवीन काही बसवायचं नाही आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, एवढं घरातल्या मोठ्यांना नक्की करता येतं. मोठ्यांनी आपलाही फोन ठेवावा, म्हणजे ते तिला शिक्षा वाटणार नाही.

न निवडल्याचं दुःख होणारच. ते दोन-चार दिवस रडून घ्यावं. "त्यात काय एवढं" असं तिला म्हणू नये. तिच्यासाठी ते तेवढं मोठं असतं. पण दोन आठवडे उलटूनही झोप नाही, भूक नाही, ढोलकी ऐकूनही पाय हलत नाही, असं झालं तर ते नुसतं दुःख नव्हे, मदत घ्यायला हवी. जगण्यात अर्थ नाही, जगणं नको अशी भाषा आली तर दोन आठवडेही थांबायचं नाही, तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मदत घ्यायची. 2022 च्या 10 ऑक्टोबरला सरकारनं 'टेलि-मानस' सेवा सुरू केली. 14416 या नंबरवर रात्री-अपरात्री फोन लावता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. खेड्यात मनाच्या डॉक्टरकडं जाणं चार लोकांच्या नजरेत येतं. फोन तसा येत नाही. हा नंबर शाळेच्या फळ्यावर निवडीच्या यादीशेजारी लिहायला काय हरकत आहे?

आणि यादी लावणाऱ्यांनी कारण सांगावं. जागा दहाच होत्या, दुसऱ्या पायाचा ठेका मागं पडतो, जे खरं असेल ते. एकटीला बाजूला घेऊन, नाचाबद्दल सांगावं, अंगाबद्दल नव्हे. 'नाही' म्हणण्याचा हक्क ज्याला दिलाय त्याच्यावर ते 'नाही' समोरचीला घरापर्यंत नेता येईल अशा शब्दांत देण्याचीही जबाबदारी येते.

पिंपळगाव रेणुकाईच्या नावातच देवी आहे. नवरात्रात बाया देवीपुढं फेर धरतात तेव्हा तिथं कुणी कागद-पेन घेऊन बसलेलं नसतं. जाड, बारीक, म्हातारी, लेकुरवाळी, सगळ्या नाचतात. निवडीच्या हंगामात मुलीनं असं एखादं नाचणं राखून ठेवावं, जिथं नंबर नाही. मिळालेल्या 'नाही'पेक्षा ते नाचणं वयानं मोठं असतं.

ती लावणी नाचलेली मुलगी मला मध्यंतरी भेटली. आता तीच बाजारात मिरची निवडते, पदर डोक्यावर, हात लाल. मी तिला ओळखलं नव्हतं, तिनंच हाक मारली. "सर, पोरगी नाचात नाव द्यायचं म्हनती. द्यावं का?"

मी म्हटलं, जरूर द्या. मग धीर करून त्या दिवसाचं बोललो. चुकलं माझं, असं म्हणालो. ती मान खाली घालून निवडत राहिली. एक किडकी मिरची बाजूला टाकली, मग दुसरी.

"तिला तसलं काही बोलू नका, म्हंजे झालं," ती म्हणाली.