देहाचे वजन आणि वाणीचा संयम

दुसऱ्याच्या अंगावरून, म्हणजे तो जाड आहे की बारीक आहे यावरून, आपण बोलावे की नाही? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. शिक्षणाचे, नोकरीचे, अत्याचाराचे एवढे मोठे प्रश्न समाजापुढे उभे असताना धम्मविषयक पाक्षिकात याला जागा कशाला, असेही कोणी म्हणेल. मीही तसेच म्हणालो असतो. परंतु माझ्या हातून जे घडले त्यानंतर हा प्रश्न मला क्षुल्लक वाटेनासा झाला. म्हणून आधी माझी चूक सांगतो आणि मग विचार मांडतो.

मी आंजी (मोठी) येथे राहतो. वर्धा-आर्वी रस्त्यावरचे हे गाव. आईवडील शेतमजूर. घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. शिक्षक होऊन दहा-बारा वर्षे झाली. शाळेत मुलांची उंची व वजन घेऊन नोंदवहीत लिहावे लागते. काही वर्षांपूर्वी हे काम माझ्याकडे होते. मुले ओळीने वजनकाट्यावर चढत, मी आकडा मोठ्याने वाची आणि एक मुलगा तो लिहून घेई. एका मुलीचा आकडा फारच कमी आला. मी हसून म्हणालो, “अगं, वारा सुटला तर उडून जाशील! घरी जेवायला देत नाहीत का?” सारा वर्ग हसला. मीही हसलो. आपण काही वाईट केले असे मला त्या क्षणी वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही. तिची आई आली. कापूस वेचायला जाण्याच्या घाईत होती. वर्गाच्या दारातच उभी राहून म्हणाली, “गुरुजी, आमी पोरीले उपाशी नाही ठेवत जी. आमी कमी खातो, पण तिले देतो.” एवढेच म्हणाली आणि निघून गेली. पुढे काही महिन्यांनी त्या मुलीचे हातपाय असह्य दुखू लागले. रक्ताची तपासणी झाली आणि तिला सिकलसेलचा आजार असल्याचे कळले.

विदर्भाला हा आजार नवा नाही. आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी समाजात तो बराच आढळतो. ज्याच्या अंगी तो नुसता वाहक म्हणून असतो त्याला सहसा कसलाही त्रास होत नाही. परंतु आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. अशा मुलांची वाढ मंदावते, वजन वाढत नाही. म्हणजे माझ्या डोळ्यांना जे दिसले ते खरे होते, पण मी लावलेला अर्थ खोटा होता. त्याच दिवशी मी त्या आईला बाजूला घेऊन “बाई, मुलीचे रक्त एकदा तपासून घ्या” एवढे म्हणालो असतो, तर तिचे निदान काही महिने आधी झाले असते. ते मी केले नाही. मी विनोद केला आणि मोकळा झालो. बोलून झाले म्हणजे आपण काही केले, असे माणसाला वाटते. कर्तव्याची जागा टीका घेते, ती अशी.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही तर गमतीने बोललात, मनात द्वेष नव्हता. माझ्या मनानेही हीच पळवाट शोधली होती. परंतु विनयपिटक उघडून पाहा. भिक्खूने दुसऱ्याला टोचून बोलू नये असा तेथे नियम आहे, आणि कशाकशावरून टोचू नये याच्या दहा बाबी दिल्या आहेत. त्यांत पहिली बाब जात. त्याच यादीत पुढे नाव, गोत्र, काम, कारागिरी आहे, आजार आहे आणि देहाचे रूपही आहे. फार उंच, फार बुटका, फार काळा, फार गोरा असे म्हणून कोणाला हिणवणे आणि चांडाळ म्हणून हिणवणे, ही दोन्ही तेथे एकाच नियमाखाली येतात. अपमानाचा हेतू नव्हता, केवळ थट्टा करायची होती, असे असले तरी ते दुर्भाषितच मानले आहे. मात्र हिताकडे, धम्माकडे किंवा शिकवणुकीकडे लक्ष ठेवून जो बोलतो त्याला दोष नाही, असेही तेथेच सांगितले आहे. थट्टेला सूट नाही, हितोपदेशाला आहे.

जात आणि देह एकाच यादीत का? याचे उत्तर मला ग्रंथात शोधावे लागले नाही. मी वसतिगृहात शिकत असताना मला दोन नावांनी हाक मारीत. एक जातीवरून, दुसरे माझ्या हडकुळ्या अंगावरून. दोन्ही ऐकताना एकच वाटे की, समोरच्याने मला पाहिलेच नाही. मी तोंड उघडण्याआधीच त्याने माझी किंमत ठरवून टाकली. जातीवरून केलेल्या अपमानासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अंगावरून केलेल्या अपमानाला कायदा नाही. तेथे फक्त शील आहे. आणि ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या देहावरून, स्पर्शावरून, सावलीवरून अपमान सोसला, त्या समाजाच्या माणसाने, तोही शिक्षकाने, एका मजुराच्या मुलीचा देह वर्गापुढे हसण्याचा विषय करावा, याला काय म्हणावे?

पण दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. माझी आजी १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगे. रेशनची मिलो, सुकडी आणि रिकामी मडकी. माहेरी आलेल्या लेकीला ती “अंगानं भरली गं माय” म्हणे तेव्हा डोळे पुसून म्हणे. तिच्या लेखी लेक जाड दिसणे म्हणजे लेकीच्या घरी भाकर आहे, एवढाच अर्थ. त्या शब्दांना मी दोष देणार नाही. परंतु तेच शब्द आज लग्नमंडपात एखाद्या तरुण मुलीला ऐकवले, तर ती घरी जाऊन जेवणाचे ताट बाजूला सारते. शब्द तेच, पण ऐकणाऱ्याचे जग बदलले. आजी त्या लेकीला दुसऱ्या दिवशी डोक्याला तेल लावून देई, तिच्या मुलांना सांभाळी. मंडपातले आपण काय करतो? बोलतो आणि पंगतीत जाऊन बसतो.

मग देहाविषयी मुळीच बोलू नये काय? तसेही नाही. कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा संयुत्त निकायात आहे. तो द्रोणभर तांदळाचा भात खाई. एकदा असाच भरपेट जेवून धापा टाकीत तो भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी ते पाहिले आणि गप्प बसले नाहीत. परंतु ते काय बोलले? त्याच्या पोटाविषयी एक अक्षर नाही. जो सावध राहून जेवणात मात्रा ओळखतो त्याच्या वेदना कमी होतात आणि त्याचे म्हातारपण सावकाश येते, अशा आशयाची एक गाथा ते बोलले. राजाला ती इतकी पटली की जेवताना रोज ती म्हणून दाखवण्यासाठी त्याने सुदस्सन नावाच्या तरुणाला दररोज शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर तांदळावर आला, अंग हलके झाले, आणि तथागतांनी आपल्यावर अनुकंपा केली असे तो स्वतः म्हणाला. हसणे नाही, नाव ठेवणे नाही. उपाय होता, आणि तो करणे न करणे राजाच्या हाती होते.

अभय राजकुमाराला भगवंतांनी याच गोष्टीचे सूत्र सांगितले आहे. बोलणे खरे असावे, हिताचे असावे, आणि ते ऐकणाऱ्याला अप्रिय असेल तर योग्य वेळ पाहून बोलावे. खरे पण अहिताचे असे ते बोलत नाहीत. माझे वाक्य या कसोटीवर लावून पाहा. “घरी जेवायला देत नाहीत का” हे खरे नव्हते, हिताचे नव्हते, आणि साऱ्या वर्गापुढे ही वेळ तर नव्हतीच.

यातली पहिली कसोटीच किती अवघड आहे ते पाहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे छापली. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. पण अंगातील चरबी एकाची ९.१ टक्के, तर दुसऱ्याची, म्हणजे याज्ञिकांची, २१.२ टक्के. वजनकाटा आणि मोजपट्टी घेऊनही जे कळत नाही, ते मंडपात उभे राहून आपल्या डोळ्यांना कसे कळणार? आणि आपल्या गावचेच पाहायचे तर आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातील किशोरवयीनांचा अभ्यास सेवाग्रामच्या डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलेमुली कृश आढळली. जे साऱ्या परिसराचे दुखणे, ते मी एका मुलीचे वैगुण्य समजून हसलो.

तेव्हा, वाचकहो, मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. ज्याच्या देहाविषयी बोलावेसे वाटते, त्याच्यासाठी आपण काही करणार आहोत काय, हे आधी स्वतःला विचारावे. दवाखान्यात सोबत जाणार असू, ताटात वाढणार असू, सकाळी बरोबर चालायला निघणार असू, तर एकांतात, त्याची तयारी पाहून, आहाराविषयी, आजाराविषयी जरूर बोलावे. काहीच करणार नसू तर मौन पाळावे. आणि मुलगी पाहायला जाताना हे विशेष लक्षात ठेवावे. आपण पत्रिका टाकून दिली, मुहूर्त टाकून दिला. पण “मुलगी जरा जाड वाटते” हे वाक्य अजून आपल्या बैठकीत तसेच बसलेले आहे.

त्या मुलीची मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. अपमान वर्गापुढे झाला होता, म्हणून क्षमाही वर्गापुढे मागू का, असे तिला विचारले. ती म्हणाली, “नको गुरुजी, मंग सारे पुन्हा माह्याकडंच पाहतीन.” तिचे बरोबर होते. म्हणून मी काही बोललो नाही. पुढच्या वेळी वजनकाटा वर्गातून उचलून बाजूच्या खोलीत नेला, एकेका मुलाला आत बोलावले आणि आकडा मीच वहीत लिहिला. ज्यांचे वजन कमी होते त्यांच्या घरी संध्याकाळी सायकलने गेलो. त्यांतल्या दोन घरी रक्ततपासणीचे सांगितले. दोघीही आया तपासणीला घेऊन गेल्या.

जयभीम.