मनाचें दुखणें: प्रार्थना कीं औषध?

मन बिघडलेल्या मनुष्यास प्रार्थनेस न्यावें कीं डॉक्टरकडे, असा प्रश्न आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत वारंवार निघतो. कित्येकांस वाटतें कीं, औषध घेणें म्हणजे विश्वासाची उणीव. उलट कित्येक शिकलेले लोक प्रार्थनेस भोळेपणा समजतात. हीं दोन्ही मतें मनुष्याचे तुकडे करितात.

एलीया संदेष्टा निराश होऊन झुडपाखालीं मरण मागूं लागला, तेव्हां देवानें त्यास प्रथम उपदेश केला नाहीं. झोप दिली, भाकर व पाणी दिलें. बोलणें मागाहून झालें. शरीर, मन व आत्मा हीं देवानें एकत्र जोडिलीं आहेत, तर उपचारांत तीं वेगळीं कां करावीं?

परंतु श्रद्धेच्या नांवाखालीं काय घडतें हेंही पाहिलें पाहिजे. तामिळनाडूंतील एरवाडी येथें दर्ग्याच्या आशेनें आणलेल्या मनोरुग्णांस खासगी आश्रयगृहांत सांखळ्यांनीं बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहाटे तेथें आग लागली. बांधलेल्यांस पळतां येईना. २८ जण प्राणांस मुकले.

याच्या उलट गुजराथेंतील उनावा गांवीं मीरा दातार दर्ग्यांत २००८ सालीं 'दवा आणि दुआ' हा उपक्रम सुरू झाला. दुआ मागावयास आलेल्या रोग्यास मुजावरांनींच डॉक्टरकडे पाठवावें, अशी ही रीत. दुआ सोडावी लागली नाहीं, आणि दवाही मिळाली. परधर्माच्या ठिकाणची गोष्ट आपणांस कशाला, असें कोणी म्हणेल. तर प्रभूनें दयेचा धडा शिकवितांना शोमरोन्याचाच दाखला दिला. आणि त्या शोमरोन्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, हें विसरूं नये.

ऐकून घेणें हाही उपचारच आहे. झिंबाब्वेंतील हरारे शहरीं डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं २००६ सालीं वृद्ध स्त्रियांस शिकवून दवाखान्याच्या आवारांतील बांकांवर बसविलें. मनाच्या त्रासास तेथील लोक 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, म्हणतात. त्या आज्या तो त्रास ऐकून घेत, व एक अडचण निवडून ती सोडविण्यास साह्य करीत. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत अशा रोग्यांचा त्रास पुष्कळ उतरलेला आढळला. आज्यांस जें साधलें तें उपदेशकास कां साधूं नये?

मात्र एक मोह टाळावा. कित्येकांनीं देवऋषी सोडिला, पण उपदेशकासच नवा देवऋषी केला. बरें करण्याचें वचन देऊन मान मिळविणें हें पाप आहे. आणि प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करविणें हें त्याहून मोठें.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, रोग्याजवळ बसा, त्याचें ऐका, त्याची इच्छा असल्यास प्रार्थना करा. तो जेवत नसेल, झोपत नसेल, किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर त्याच दिवशीं त्यास घेऊन दवाखाना गांठा. घरांत कोणी बांधलेला असेल तर त्यास सोडवा. रोग्यास सांखळीनें बांधणें २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें मना केलें आहे. आपणांस तर प्रीतीनें तें पूर्वींच मना केलेलें आहे.