चूक की अन्याय?



नोव्हायमधल्या आपल्या घरांत सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत रविवारचे वेळापत्रक कोण ठरवते, हे तुम्हाला सांगायला नको. डेट्रॉइट लायन्सचा सामना बहुधा दुपारी एकला असतो, म्हणून बुद्धवंदना सकाळी. हे कुणी ठरावात लिहिलेले नाही, पण पाळतात सगळे. भारतात क्रिकेटसाठी जीव टाकणारे आपण इथे येऊन या अंडाकृती चेंडूच्या नादी लागलो, ते बहुतेक मुलांमुळे. आणि मुलांबरोबर त्यांचा रागही घरात आला. पंचांवरचा राग.

मला ३० डिसेंबर २०२३ची रात्र आठवते. टेक्सासमध्ये डॅलस काउबॉइजविरुद्ध सामना. २३ सेकंद उरले असताना लायन्सनी टचडाउन केला आणि फरक एका गुणाचा राहिला, २०-१९. किक मारून बरोबरी साधता आली असती. प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी दोन गुणांचा प्रयत्न करून थेट जिंकायचे ठरवले. चेंडू टेलर डेकरच्या हातात पडला आणि आमच्या दिवाणखान्यात एकच आरोळी उठली. मग पिवळा रुमाल पडला.

नियम असा की, पुढच्या फळीतल्या लाइनमनला पास झेलायचा असेल तर त्याने आधी पंचांना तसे कळवावे लागते. डेकर म्हणाला, मी कळवले. पंच ब्रॅड ॲलन यांनी मात्र ७० क्रमांकाच्या डॅन स्किपरने कळवले असे धरून तशी घोषणा केली होती. डेकरचा क्रमांक ६८. गुण रद्द. त्यानंतर लायन्सना आणखी दोन संधी मिळाल्या, दोन्ही फुकट गेल्या. सामना २०-१९ असाच संपला.

माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. रिमोट सोफ्यावर आपटून म्हणाला, "बाबा, दिस इज इनजस्टिस!" मीही तावातावाने म्हणालो, "हो, अन्यायच आहे हा!"

नागपूरहून आलेली माझी आई शेजारच्या खोलीत झोपली होती. ती उठून दारात आली आणि घाबरून विचारू लागली, "कोनावर झाला रे अन्याय? मारलं का कोनाले?"

आम्ही दोघेही गप्प झालो. मी तिला समजावू लागलो आणि समजावता समजावता माझीच मला लाज वाटू लागली. शाळेत असताना तिला रांजणाला हात लावू देत नसत. कुणी वरून ओंजळीत पाणी ओतेल तेव्हा प्यायचे. अन्याय हा शब्द तिने तिथे शिकला. मी तो टीव्हीसमोर, पॉपकॉर्नची वाटी मांडीवर घेऊन वापरला.

त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात आहे. चूक कशाला म्हणायचे आणि अन्याय कशाला?

खेळाच्या मैदानावरचा खरा अन्याय आपल्या इतिहासात आहे. पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात संघसोबती मैदानावर त्याच्याकडून चेंडू घेत, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही मुंबईच्या स्पर्धेत हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधी दिले गेले नाही. १९२३मध्ये ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही भावंडांनी आणि लोकांनी जाहीर निषेध करून झाल्यावर. (हेच बाळू १९३७च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हे ठाऊक असूनही मी त्यांचे नाव आदराने घेतो.)

बाळूच्या निवडकर्त्यांना तो नीट दिसत होता. त्याचे बळीही त्यांना मोजता येत होते. ॲलन यांना एका गडबडीच्या क्षणी दोन माणसांतला एक चुकीचा दिसला. शर्टांचे रंग उलटे असते, तरी त्या क्षणी तीच चूक झाली असती, असे मला वाटते. शिवाय डेकर पंचांजवळ जात असतानाच स्किपर धावत मैदानात आला होता. नेमके कोण कळवते आहे, हे डॅलसला कळू नये म्हणूनच ही रचना होती. दुसऱ्यासाठी केलेल्या गोंधळात पंचच अडकले, हे आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही.

म्हणून काय, पंचांना काही म्हणूच नये? तसे नव्हे. १२ सप्टेंबर २०१० रोजी शिकागोत लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनने शेवटच्या मिनिटात घेतलेला झेल अमान्य ठरला. उघड्या डोळ्यांना तो झेलच होता, पण नियमाचे शब्द तसे नव्हते. तिथे पंचांना शिव्या देऊन उपयोग नव्हता. नियमच वाईट होता. त्यावर वर्षानुवर्षे वाद होत राहिले आणि २०१८मध्ये झेलाचा नियम बदलला. कुठे बोट ठेवायचे हे कळले, तर रागाचेही काम होते.

आमचा राग बहुतेक वेळा तसा नसतो. साठ मिनिटांच्या खेळातली शंभर कारणे सोडून आम्ही एकच पकडतो, कारण त्यात आपला दोष नसतो. पुढच्याच महिन्यात लायन्सनी रॅम्सना २४-२३ असे हरवले. १९९२च्या जानेवारीनंतरचा प्लेऑफमधला तो पहिलाच विजय. नोव्हायच्या रस्त्यांवर त्या रात्री हॉर्न वाजत होते. दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ अशी आघाडी होती आणि तरी ३४-३१ने हरलो. त्या रात्री दोष द्यायला पंच नव्हते. घर फार शांत होते.

धम्मपदातल्या धम्मट्ठवग्गाची एक कथा सांगतात. श्रावस्तीत पावसापासून आडोसा शोधत भिक्खू न्यायसभेत शिरतात आणि न्यायाधीश लाच घेऊन निवाडे देताना पाहतात. तथागतांचे उत्तर थोडक्यात असे, की घाईने निवाडा करणारा न्यायी नव्हे. खरे-खोटे दोन्ही तपासून, पक्षपात न करता ठरवणारा न्यायी. मी हे आजवर नेहमी पंचांसाठी वाचत होतो.

गेल्या वसंतात मुलांच्या सॉकरमध्ये रेषेवर झेंडा धरायला पालक कमी पडले, म्हणून मी उभा राहिलो. मुलाचा संघ एका गोलने पुढे होता. शेवटच्या मिनिटांत समोरच्या संघातली एक लहानखुरी मुलगी चेंडू घेऊन सुटली आणि तिने गोल केला. मी झेंडा वर केला. ऑफसाइड. तिने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही, मोजे वर ओढले आणि परत गेली. घरी जाताना गाडीत मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, ती ऑफसाइड नव्हती."

तिथे गोंधळ नव्हता, कुणी मला फसवायला रचना केली नव्हती. शर्टांचे रंग उलटे असते तर माझा झेंडा वर गेला असता का? हा प्रश्न मी ॲलन यांना लावला, तेव्हा उत्तर चटकन सापडले होते.

त्या मुलीचे वडील मला अजूनही किराणा दुकानात भेटतात. आम्ही हवेबद्दल बोलतो.