दारातल्या पिलाला आधी घर द्या

दिवाळी सरली की सातारा-सांगलीच्या गल्लीबोळांत कुत्र्या वितात. पिल्लं चालती झाली की त्यांतले नर कुणी ना कुणी उचलून नेतं. माद्या मात्र पोत्यात घालून ओढ्याकाठी नाहीतर बाजारतळावर सोडल्या जातात. त्याच गल्लीत कुणीतरी हजारो रुपये मोजून हस्की घेऊन येतो आणि सगळे कौतुकाने बघायला जमतात. हे मला सोसवत नाही.

हस्की सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारा. जत-आटपाडीला, माण-खटावला उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर घालवतं. पगचं नाक तर माणसाने हौसेखातर इतकं आखूड करून ठेवलंय, की त्याला धड धापाही टाकता येत नाहीत. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचं दुखणं वंशातून उतरतं. जवळच्या नात्यातच पैदास करत राहिलं की अशी दुखणी पिढीगणिक मुरतात. किंमत आपण मोजतो, यातना त्या जनावराच्या वाट्याला येतात.

जातिवंत कुत्रं पाळूच नये, असं माझं म्हणणं नाही. आपल्याच मुलखातला कारवान बघा. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याला आश्रय दिला, २००५ साली तो टपाल तिकिटावर झळकला. पण दुष्काळी माळावरच्या माणसांनी त्याला जपलं ते रूपासाठी नव्हे, त्याच्या धावेसाठी. तोच कारवान फ्लॅटच्या गॅलरीत साखळीला बांधलेला दिसला की जीव तुटतो. ज्याच्याकडे रान आहे आणि रोज त्याला मोकळं पळवायला वेळ आहे, त्याने तो खुशाल पाळावा. सशामागे मात्र सोडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली याच साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात आणली, एका पंगतीला बसवली. कुळावरून मोठेपणा ठरवण्याची खोड मोडायला त्यांनी आयुष्य वेचलं. तीच खोड आज कुत्र्याच्या कागदपत्रांतून आपल्या घरात शिरते आहे. औदुंबरला आपण दत्तापुढे हात जोडतो. त्याच्या पायाशी चार कुत्री आहेत, त्यांची वंशावळ आजवर कुणी विचारलेली नाही.

गावठी कुत्र्याला आजार होत नाहीत, हा समजही सोडा. पार्व्हो त्यालाही होतो, रेबीजची लस त्यालाही दरवर्षी लागते. पण इथल्या उन्हापावसात तगून आलेली त्याची जात आहे. घरच्या भाकरी-दुधाबरोबर अंडं, थोडं मटण मिळालं तरी अंग धरते. आणि राखणीला? रात्री अनोळखी पाऊल वाजलं की सगळ्यांत आधी कोण भुंकतं, हे गल्लीतल्या कुणालाही विचारा.

विकतच घ्यायचं असेल, तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या नियमांनी बंद आहे, एवढं तरी विक्रेत्याला ठणकावून सांगा. त्याआधी मात्र आपल्या गल्लीतली एक मादी घरी आणा. लसी टोचा, वयात येताच डॉक्टरांच्या सल्ल्याने नसबंदी करून घ्या. पंचायतीने, नगरपालिकेने हे काम करावं म्हणून अर्ज जरूर द्या, पण त्याच्या उत्तराची वाट बघत तिला रस्त्यावर ठेवू नका.